चाबी फिरवा, दम धरा

नवी मोटारसायकल घेतली की तिच्यासोबत एक पुस्तक मिळतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गोंडपिपरीत हे पुस्तक वाचलेला गाडीमालक माझ्या अजून पाहण्यात नाही. मी वाचलं, पण ते दुसऱ्याच्या गाडीचं. एरवी ते सीटखाली, विम्याच्या कागदांना ओल लागू नये म्हणून त्यांच्या बुडाशी पडलेलं असतं, आणि ते काम ते चोख करतं. त्यात सुरुवातीलाच 'गाडी चालू करण्यापूर्वी' अशी यादी आहे: इंजिन ऑइल, पेट्रोल, टायरची हवा, चेनचा ढिलेपणा, ब्रेक, दिवे. यादीत खोट काहीच नाही. फक्त ती लिहिणाऱ्याने वर्धा आणि वैनगंगेच्या बेचक्यात एकही पावसाळा काढलेला नाही, हे लगेच कळतं.

इथली यादी सीटपासून सुरू होते. सीटवर कोंबडी असेल तर तिला उठवायचं, आणि ती कशासाठी बसली होती तेही बघायचं. हँडलवर वाळत घातलेला टॉवेल काढायचा. चाबीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं असेल तर ते काडीने मोकळं करायचं. घर पाडायचं पाप लागतं म्हणून काही घरांत हे काम मोठ्या सुनेकडे असतं. मग सीटवर जोरात दोन थापा मारायच्या. धान घरी आलं की त्याच्यामागून उंदीर येतो, उंदराला गाडीच्या वायरी फार आवडतात, आणि उंदरामागून जो येतो त्याला थापेची सूचना दिलेली बरी. कंपनीच्या पुस्तकात सापाचा उल्लेख कुठेच नाही. त्यांच्या कारखान्यात येत नसावेत.

इतकं झालं की माणूस गाडीवर बसतो. खरी गंमत त्यानंतर आहे.

आमच्या मागच्या पिढीत लोक गाडी चालवायला शिकत नसत, चालू करायला शिकत. चालवणं काय, रस्ते मोकळे होते, गुरंसुद्धा बाजूला व्हायची. चालू करणं ही विद्या होती आणि प्रत्येक गाडीची विद्या निराळी. राजदूत घेतलेला माणूस पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं माप आयुष्यभर विसरत नसे. येझदीचा गिअर आणि किक एकच दांडा. तो उलटा फिरवून वर घ्यायचा, कार्बोरेटरवरचं बारकं बटण पेट्रोल बोटाला लागेपर्यंत दाबायचं आणि मग लाथ. बुलेट तर यजमानाकडून पूजाच मागायची. किक हळूहळू ढकलत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, बारकी लिव्हर दाबून किंचित पुढे जायचं, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकदाच. मंत्र चुकला तर किक उलटी येई. तालुक्यातल्या जुन्या बुलेटवाल्यांच्या उजव्या नडग्या आजही त्याची साक्ष देतील. बजाजची स्कूटर हट्टाला पेटली की तिला अंगाखांद्यावर घेतल्यासारखी बाजूला कलती करायची, जरा वेळ तशीच धरायची आणि पुन्हा उभी करायची. डॉक्टर बाळाची ढेकर काढायला सांगतात तसंच ते.

आणि हे सगळं चारचौघांत चालायचं. जावई सासुरवाडीहून निघाला की सारं घर ओट्यावर येई. निरोप घ्यायला येई असं म्हणायची पद्धत होती. खरं तर किका मोजायला येई. पहिल्या किकेत गाडी लागली तर पोरीने नशीब काढलं. पाचवीनंतर सासरे आभाळाकडे बघत. दहावीला धाकटा साळा 'मी मारून बघू का जी' म्हणत पुढे यायचा, आणि त्याच्या पहिल्याच किकेत गाडी लागायची. त्या जावयाला पुढची दिवाळी जड जात असे.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि या विद्येला पहिला सुरुंग लागला. तिची किक हाताने मारली तरी चालायची. पण चोक होता, रिझर्व्हचा कॉक होता, हिवाळ्याच्या पहाटे थोडी मनधरणी होती. माणसाला काहीतरी करायला शिल्लक होतं.

ते शिल्लकही १ एप्रिल २०२० ला गेलं. त्या दिवसापासून देशात धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक साध्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. योग असा की नियम लागू झाला तेव्हा टाळेबंदी होती. सर्वांत आधुनिक गाड्या बाजारात आल्या आणि त्या चालू करून बाहेर काढायची सोय नव्हती. पोलिसांच्या काठ्या मात्र जुन्याच होत्या.

या नव्या गाडीला माणसाकडून अक्कल, ताकद, नडगी यातलं काहीही नको आहे. तिला फक्त एक गोष्ट हवी. चाबी फिरवल्यावर टाकीतून 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज येतो. पेट्रोलचा पंप दाब तयार करत असतो. मीटरवरचे दिवे लागतात, काही गाड्यांत काटा एक फेरी मारून येतो. गाडीतला संगणक आपले सेन्सर तपासून घेतो. हा सगळा कारभार दोन-तीन सेकंदांचा. तेवढा वेळ थांबायचं, आवाज बंद झाला की एक्सिलेटरला हात न लावता बटण दाबायचं. बस. चोक नाही, प्रार्थना नाही. इंजिनाचा पिवळा दिवा चालू झाल्यावर विझला म्हणजे सगळं ठीक.

दोन-तीन सेकंद. आणि नेमके तेच आमच्याकडे नाहीत.

गोंडपिपरीच्या चौकात सकाळी उभं राहून पाहा. माणूस पानठेल्यावर येतो, खर्रा सांगतो. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेतो आणि घोटायला लागतो. खर्रा हे घाईचं काम नव्हे. घोटणं चालू असताना पावसाचा, धानाच्या भावाचा, दोन-चार सोयरिकींचा निकाल लागतो. घाई केली तर चुना लागतो, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, म्हणून तो मान तिरकी करून शांतपणे घोटणाऱ्याच्या हाताकडे बघत राहतो. एखाद्या योग्याला लाजवील असा तो धीर. मग पुडी खिशात जाते, गडी गाडीवर बसतो, आणि चाबी फिरायच्या आत त्याचा अंगठा बटणावर असतो. पंप बिचारा 'ऊं' म्हणतो, त्याला 'ऽऽ' म्हणू देत नाहीत.

गाडी तरीही चालू होते, हे खरं. कंपनीवाल्यांना आपली माणसं ठाऊक असावीत. पण थंडीच्या पहाटे किंवा बॅटरी थकलेली असताना एखाद्या वेळी नाही होत. तेव्हा अंगठा उचलायचा, आठ-दहा सेकंद थांबायचं, पुन्हा दाबायचं, आणि एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबायचं नाही, असं पुस्तक सांगतं. इथे अंगठा उचलण्याची रीत नाही. आवाज 'खर्रर्र'वरून 'खुर्र'वर, 'खुर्र'वरून नुसत्या 'टक्'वर येईपर्यंत दाबून धरतात. मग भोवती माणसं जमतात.

"काऊन बे, चालू नाही होऊन रायली का?"

"नाही ना जी."

"मंग किक मार ना."

"किकच नाही गाडीले."

"किक नाही?" म्हातारबुवा गाडीभोवती एक चक्कर मारून खात्री करून घेतात. "मंग घेतली कायले?"

हा प्रश्न बिनतोड आहे. बऱ्याच नव्या गाड्यांची किक कंपन्यांनी काढूनच टाकली आहे. पुढचा उपाय म्हणजे धक्का. लग्नाच्या मांडवातून निघालेली पंगत एका दमात गाडीला ढकलते, सेकंड गिअर, क्लच सोड, उडी मारून बस, हे सगळं पिढीजात आहे. पण इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी साफ मेली असेल तर पंपच फिरत नाही. पेट्रोल टाकीत असूनही इंजिनापर्यंत जात नाही. कन्हाळगावच्या जंगलापर्यंत ढकलत नेली तरी ती तितकीच थंड राहते. फक्त पंगतीतलं जेवण पचतं.

धीर धरून एकदा चालू झाली की दुसरी खोड वर येते: रेस देणे. जुन्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांना थोडी फूस द्यावी लागायची, नाहीतर त्या डोळे मिटायच्या. आता संगणकच थंड इंजिनाला थोडा वेळ जास्त वेगाने फिरवतो आणि मग आपोआप खाली आणतो. ऑइल रात्रभर खाली बसलेलं असतं. ते वरपर्यंत पोचायच्या आत पिळलेला एक्सिलेटर म्हणजे कोरड्या भागावर घासाघीस. हे मिस्त्री सांगतो, पुस्तक सांगतं. पण निघण्यापूर्वी तीनदा 'घूंऽम घूंऽम' केलं नाही तर शेजाऱ्यांना कळणार कसं, की आपण तहसीलला निघालो? गोंडपिपरीत गाडीच्या रेसवरून माणूस ओळखता येतो. शिक्षक एकदाच देतो. ठेकेदार चारदा. नुकतं लग्न ठरलेला मुलगा मोजण्यापलीकडे.

याच्या नेमकी उलटी जात म्हणजे गाडी गरम करणारे. हे लोक अंगणात गाडी चालू करून ठेवतात आणि आत जाऊन चहा पितात, पोहे खातात, चपला शोधतात. 'इंजिन गरम होऊन रायलं.' अर्ध्या मिनिटात ऑइल फिरतं. त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर हळू घेतले की गाडी चालता चालताच गरम होते आणि उभ्याने गरम होण्यापेक्षा ते तिला जास्त मानवतं. शिवाय आमचा हा चंद्रपूर जिल्हा. मे महिन्यात पारा ४७-४८ वर जातो. दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या गाडीला गरम करायला ठेवणारा माणूस मी पाहिला आहे. सीटवर बसायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून उभा राहून गरम करत होता.

आता आमची एक थोर परंपरा सांगतो. नव्या गाड्यांनी तिचा जीव घेतला आहे. साइड स्टँड न उचलता कोणी निघाला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठायच्या, "स्टँड! स्टँड!" ओळख नको, जात-पात नको, पक्ष नको. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्याचं डिपॉझिट गेलं तो जिंकणाऱ्याला ओरडून सांगायचा, "ओ, स्टँड!" सलूनमधला अर्धी दाढी झालेला माणूस दारात येऊन ओरडायचा. समोरून येणारा ट्रकवाला खिडकीतून हात काढून बोटाने खाली दाखवायचा. अहेरीकडे जाणाऱ्या एसटीतली म्हातारी काचेवर टकटक करायची. मला तर वाटतं, या देशात एकमताने चाललेलं हे एकच काम होतं. आता बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँडला स्विच असतो. स्टँड खाली ठेवून गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. स्वार खाली वाकतो, ओशाळं हसतो, स्टँड उचलतो आणि कोणाचेही उपकार न घेता निघून जातो. ओट्यावरची माणसं तोंड उघडलेलं तसंच मिटून घेतात.

दुसरी सेवा होती दिव्याची. दिवसा दिवा चालू दिसला की समोरचा माणूस पाचही बोटं मिटून-उघडून खूण करायचा. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो आणि तो बंद करायचं बटणच नसतं. आमच्याकडे ही बातमी सावकाश पोचली. पुढची दोन वर्षं कोठारी ते गोंडपिपरी या रस्त्यावर प्रत्येक माणूस प्रत्येक माणसाला बोटं मिटून-उघडून दाखवत होता. नवी गाडीवाला पहिल्या दिवशी प्रत्येकाला थांबून समजावून सांगायचा. आठवड्याने तोही समोरच्याला बोटं दाखवायला लागला. परगावचा माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, इथली नमस्काराची पद्धतच अशी आहे.

पेट्रोलचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण चालू करण्याशी त्याचं नातं जवळचं. पूर्वी मीटरपेक्षा कानावर भिस्त होती. गाडी दोन्ही मांड्यांत धरून हलवायची आणि टाकीतला 'चुळुक' ऐकायचा. चुळुक बारीक असेल तर आष्टीपर्यंत, जाड असेल तर आलापल्लीपर्यंत. मध्येच धक्के खायला लागली तर चालत्या गाडीवर गुडघ्यामागे हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा. तेही संपलं तर झाकण उघडून टाकीत तोंडाने फुंकायचं. माझ्या माहितीचे एक गृहस्थ फुंकून फुंकून पंपापर्यंत पोचल्याचं सांगतात. नव्या गाडीत कॉक नाही आणि फुंकरेला भीक नाही. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कायम ठणठणीत टाकीवर गाडी चालवली की पंप तापतो आणि एक दिवस 'ऊं' म्हणणंच सोडतो. म्हणून मीटरवरची शेवटची काडी लुकलुकायच्या आत भरावं. खेड्यातल्या किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीतून मिळणारं पेट्रोल अडल्यानडल्याला ठीक आहे, पण त्या बाटलीत आधी काय होतं हे एकदा विचारावं.

बरं, आता त्या पेट्रोलमध्येही २० टक्के इथेनॉल असतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली माणसांची दारू बंद झाली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी आहे. तरीही आष्टीचा पूल ओलांडणारी प्रत्येक मोटारसायकल पोटात वीस टक्के घेऊन जाते आणि तिला नाक्यावर कोणी तोंडाचा वास विचारत नाही. या पेयाचा एक दोष म्हणजे ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी. रिकामी जागा कमी, ओल कमी. हे ऐकल्यावर आमच्या शेजारच्या काकाजींनी एवढंच विचारलं, "एवढी पेते अन् घरी बरोबर येते?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोर रांग असते. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग सेंटरच्या फवाऱ्याने गाडीचं अभ्यंगस्नान झालेलं असतं. फवारा जोराचा, म्हणून तो नेमका वायरींच्या जोडांवर मारून घेतात. तिथेच तर मळ बसतो. मग पूजा. मीटरच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. स्वस्तिकाच्या मधोमध इंजिनाचा पिवळा दिवा येतो आणि हाराखाली पेट्रोलच्या काड्या. पुढे दिवाळीपर्यंत गाडी काय सांगते आहे हे कोणालाही दिसत नाही, आणि हार काढायचा तर विसर्जनाला नदी गाठावी लागते. मिस्त्री आधी हार काढतो, मग जोड सुकवतो, मग पैसे सांगतो.

या मिस्त्रीवर तर सर्वांत मोठी वेळ आली आहे. पूर्वी तो स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून डोळे मिटून ऐकायचा. भोवतालचे आवाज बंद व्हायचे. मग तो डोळे उघडून म्हणायचा, "टायमिंग चेन." कोणी उलट प्रश्न विचारत नसे. आता एक डबी वायरीला जोडतो आणि पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो. आकडा मुलालाही वाचता येतो, हेच मिस्त्रीचं दुःख. म्हणून तो अजूनही डबी जोडल्यावर क्षणभर डोळे मिटतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

काही गाड्यांची हुशारी तर आमच्या भागात जपूनच वापरावी लागते. सिग्नलवर पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबला की पुन्हा चालू. गोंडपिपरीत सिग्नल नाही. इथे माणूस थांबतो तो एक तर गुरांसाठी किंवा समोर कन्हाळगावच्या अभयारण्यातलं काहीतरी रस्ता ओलांडत असतं म्हणून. अशा वेळी गाडीने स्वतःहून शांत होणं प्रत्येकाला मानवेलच असं नाही. ही सोय बंद करायचं बटण हँडलवरच असतं. कोठारीच्या पुढे गाड्यांचा तेवढा एक नियम लोक पुस्तक न वाचता पाळतात.

मागच्या महिन्यात चौकात एक विजेची स्कूटर आली. स्वस्तातली, पण नवीकोरी. मुलाने वडिलांसाठी आणलेली. बुवा धोतर सावरून बसले, चाबी फिरवली आणि वाट पाहू लागले. आयुष्यभर बुलेट चालवलेला माणूस. थांबायचं असतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण 'ऊं' नाही, 'खर्रर्र' नाही, काहीच नाही.

"चालू झाली का रे?"

"झाली ना बाबा."

"आवाज तं नाही."

"आवाज नसतेच हिले."

बुवांचा विश्वास बसला नाही. गाडी चालू आहे की नाही हे बघायचा जगात एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. त्यांनी रेस दिली. पूर्ण. स्टँड खाली होता म्हणून स्कूटर जागची हलली नाही. त्यांनी तशीच पिळून धरली आणि मुलाकडे बघून 'पाहा, बंदच आहे' अशी मान हलवली.

इतकी वर्षं बेकार झालेल्या चौकाला संधी मिळाली. चहावाला ओरडला, सलूनवाला ओरडला, पानठेल्यावरचे सगळे एका सुरात ओरडले, "बुवा, स्टँड! स्टँड!"

बुवांनी एक्सिलेटर न सोडता टाचेने स्टँड उचलला.

स्कूटर थांबली ती खर्ऱ्याच्या ठेल्यात, सुपारीच्या डब्यांना लागून. बुवांना कुठे खरचटलं नव्हतं. लोकांनी उचलून बाकावर बसवलं, पाणी दिलं. मुलाने धावत येऊन आधी चाबी बंद केली.

"राहू दे," बुवा म्हणाले, "चालूच नव्हती ते."